साबणाच्या डबीतला कॉम्प्युटर

उजागरे बाईंना चूक झालेली आवडायची. दुसऱ्याची झाली तर आवडायचीच, स्वतःची झाली तर जास्त. आमच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या आणि मी मराठी. वर्ग शेजारी शेजारी. मधल्या भिंतीला वर झरोके होते, त्यामुळे मी एखादी करुण कविता रंगात येऊन शिकवत असले की पलीकडून हमखास टाळी वाजायची आणि बाईंचा खणखणीत आवाज यायचा, "वा! काय सुंदर चूक केलीस गं! ये, सगळ्यांना दाखव." माझ्या वर्गातल्या मुली फिसकन हसायच्या आणि कवितेतलं दुःख झरोक्यातून उडून जायचं.

चूक सापडली म्हणजे अर्धं गणित सुटलं, असं त्यांचं म्हणणं. चूक करणाऱ्या मुलीला त्या पर्समधली पेपरमिंटची गोळी द्यायच्या. बरोबर उत्तर काढणारीला काही नाही. "तिला उत्तर मिळालंय की. वर गोळी कशाला?" मुली गोळीसाठी मुद्दाम चुका करायला लागल्यात, अशी एका पालकाने तक्रार केली होती. बाई शांतपणे म्हणाल्या, "मुद्दाम केलेली चूक लगेच ओळखू येते. तिला गोळी नसते."

उंच, सडसडीत बांधा, सुती साडी, आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. हे बूट त्या रविवारी चर्चमध्येही घालून जात. नगरमध्ये त्यांच्यापेक्षा सावकाश स्कूटर चालवणारं माणूस मी पाहिलेलं नाही. सावेडीच्या रस्त्यावर सायकलवाले त्यांना ओलांडून जायचे आणि जाताना वळून नमस्कार करायचे, कारण निम्म्यांच्या बायका बाईंच्या विद्यार्थिनी होत्या.

शाळेत पहिल्यांदा कॉम्प्युटर आले तेव्हा आम्हा शिक्षकांना प्रशिक्षण होतं. आम्ही सगळ्या हात मांडीवर ठेवून बसलेल्या. चुकीची कळ दाबली तर काय होईल, या भीतीने कोणी पुढे सरकेना. उजागरे बाईंनी माउस उचलला, उलटा केला आणि चष्मा कपाळावर सरकवून त्याच्या पोटाकडे बघायला लागल्या. शिकवणारे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, तो असा धरायचा नसतो."

"धरणार आहे ना. आधी ओळख करून घेते," बाई म्हणाल्या.

आम्ही दोघी सावेडीत एकाच इमारतीत राहायचो. बाई तळमजल्यावर एकट्या, मी आणि माझे यजमान सुधाकर वरच्या मजल्यावर. बाईंनी लग्न केलं नव्हतं. का, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. निवृत्तीनंतर एकटं माणूस वेळेचं काय करतं, हा प्रश्न त्यांच्या बाबतीत कधी पडलाच नाही. त्या दुरुस्त्या करत. मिक्सर, इस्त्री, दारावरची बेल, कोणाचंही काही. वस्तू दुरुस्त व्हायचीच असं नाही. पण ती का बिघडली, हे मालकाला नीट समजावून सांगितलं जायचं.

त्या छोट्या कॉम्प्युटरची आणि त्यांची गाठ पडली शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात. निवृत्त शिक्षिका म्हणून त्यांना परीक्षणाला बोलावलं होतं. एका टेबलावर झाडांना आपोआप पाणी घालणारं काहीतरी मांडलं होतं. बाईंनी विचारलं, "यातला कॉम्प्युटर कुठाय?" मांडणाऱ्या मुलींनी पत्त्याच्या पानाएवढा एक हिरवा तुकडा दाखवला. वर काळ्या चकत्या, कडेला वायरी अडकवायच्या खाचा आणि एका बाजूला सुयांसारख्या पिनांच्या रांगा.

"हा कॉम्प्युटरचा भाग झाला. कॉम्प्युटर कुठाय?"

"बाई, हाच कॉम्प्युटर. अख्खा."

बाई त्या टेबलापुढे खुर्ची ओढून बसल्या त्या उठेचनात. बाकीची टेबलं तपासायची राहून गेली आणि बक्षीस समारंभ उशिरा सुरू झाला. मुख्याध्यापिका फार वैतागल्या होत्या. घरी येताना मी स्कूटरवर मागे बसले होते. बाई एरवी वाहन चालवताना अक्षर बोलत नसत. त्या दिवशी मात्र मध्येच म्हणाल्या, "मंगल, त्या पिनांना बटण जोडता येतं. साधं बटण."

"बरं," मी म्हटलं.

"तुला कळलं नाही मी काय म्हणतेय ते."

मला खरंच कळलं नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी चहा टाकला आणि सांगितलं.

बाईंची थोरली बहीण, मार्थाआक्का, गावी असायची. घोडेगावपासून आत, रस्त्याला लागून भावाचं घर आणि शेत. भाऊ वारलेला, भाचा शेती बघायचा आणि त्याची बायको रेखा घर. आई लवकर गेल्यामुळे आक्कानेच बाईंना वाढवलं होतं. स्वतः चौथीत शाळा सोडून धाकटीला कडेवर घेऊन शाळेच्या दारात नेऊन बसवलं होतं. वडील गुरांच्या बाजारात हेडी, म्हणजे म्हशींच्या खरेदी-विक्रीतले मध्यस्थ. पोरवयात आक्का त्यांच्याबरोबर बाजारात हिंडायची आणि म्हशीच्या नुसत्या चालीवरून तिचं दूध सांगायची. पुढे चर्चमध्ये उपासनेला गाणी तिनेच धरायची. अशी सगळं गाव दणाणून सोडणारी बाई, आणि तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा चालायचा. कळायचं सगळं, पण गेल्या काही महिन्यांत तिने भिंतीकडे तोंड करून पडून राहणं धरलं होतं. कोणी बोलायला गेलं तर डोळे मिटून घ्यायची.

"तिला मोबाईलवर गाणी लावून द्यायची," मी सुचवलं.

"लावून देतात ना. रेखा फार चांगली आहे. गाणी लावते, भरवते, अंग पुसते, कूस बदलते. सगळं मायेनं करते." बाई कपाची कड बोटाने पुसत राहिल्या. "पण सगळं तिला *करून* दिलं जातं, मंगल. तिनं काहीतरी करावं आणि त्यानं जगात काहीतरी व्हावं, असं आता काही उरलंच नाही. मोबाईलच्या काचेवर तिचं बोट घसरतं. रेडिओचं चाक फिरत नाही. एक मोठं बटण हवं. दाबलं की आवाज. परत दाबलं की दुसरा आवाज. तिनं दाबलं म्हणून."

एवढं बोलून त्या उठल्या आणि कप विसळायला गेल्या. विसळायला जरा जास्तच वेळ लागला.

पार्सल आलं एका शनिवारी. पुण्यातल्या एका विद्यार्थिनीने मागवून दिलं होतं आणि ती आयटीतली असल्यामुळे फोनवर म्हणत होती, "बाई, मी रविवारी येते, अर्ध्या तासात सगळं चालू करून देते." बाईंनी तिला निक्षून सांगितलं, "अजिबात यायचं नाही. तू आलीस तर माझ्या चुका कोण करणार?"

बाईंकडे टीव्ही जुना, डब्यासारखा. त्याला ही नवी वायर लागण्यातली नव्हती. म्हणून रविवारी चर्चहून परस्पर त्या आमच्याकडे आल्या. एका हातात कीबोर्ड, दुसऱ्या हातात पिशवी. सुधाकर सोफ्यावर पाय पसरून क्रिकेटची मॅच बघत होते.

"सुधाकर, तुमचा टीव्ही थोडा वेळ हवाय."

"घ्या की बाई," ते म्हणाले. त्यांना वाटलं, ओव्हर संपेपर्यंतचा प्रश्न आहे.

बाईंनी बरोबर आलेलं माहितीपत्रक आधी मोठ्याने वाचलं. अगदी 'पाण्यापासून दूर ठेवा' वगैरे सूचनांसकट. पायरी गाळायची नाही, हा त्यांचा वर्गातला नियम घरातही होता. मग वायर घेतली. एक टोक टीव्हीत बसलं. दुसरं टोक त्या बोर्डाच्या खाचेसमोर धरलं तर हत्तीला उंदराच्या बिळात घालावं तसं.

"वा!" बाई म्हणाल्या. "पहिलीच चूक, आणि तीसुद्धा खरेदीत."

स्कूटरवरून त्या माणिक चौकाकडे गेल्या आणि लहान टोकाची वायर घेऊन आल्या. ती बसेना. दुकानदाराने विचारलं होतं म्हणे, "मॅडम, मिनी पाहिजे का मायक्रो?" बाई म्हणाल्या होत्या, "बारीक द्या." तो म्हणाला, "दोन्ही बारीकच असत्यात." तेव्हा अंदाजाने घेतलेली ती मिनी निघाली. दुसऱ्या खेपेला बोर्डच सोबत न्यायचं ठरलं, म्हणजे लावूनच बघता येईल. पण न्यायचं कशात? पर्समध्ये किल्ल्या आणि गोळ्या. बाईंनी आमच्या बाथरूममध्ये नजर टाकली आणि प्रवासाला नेतो ती साबणाची प्लास्टिकची डबी उचलली. धुतली, पुसली, उन्हात वाळवली. बोर्ड तिच्यात असं बसलं की जणू मापाने शिवली होती.

"आणि हे बघ," डबी उलटी करून त्या म्हणाल्या, "पाणी निथळायला खाली भोकं आहेतच. यंत्र तापलं तर हवा खेळती राहील. मंगल, ही डबी आता तुला मिळायची नाही."

वायर आली, बसली. बोर्डावर लाल दिवा लागला. आम्ही तिघं टीव्हीकडे टक लावून बसलो. पडदा काळाच. सुधाकर हळूच म्हणाले, "मॅचचा स्कोअर तेवढा बघून घेऊ का?" बाईंनी ऐकलं नाही. त्या पुस्तिकेतली एक ओळ पुन्हा पुन्हा वाचत होत्या. या कॉम्प्युटरला स्वतःची स्मरणशक्ती नसते, नखाएवढ्या एका कार्डावर त्याचं सगळं डोकं लिहून द्यावं लागतं. बाईंनी माझ्या लॅपटॉपवरून त्यासाठीची फाईल उतरवून फोटो ठेवतात तशी कार्डावर ठेवली होती. आणि एकदम त्यांनी मांडीवर थाप मारली.

"ठेवलीय! लिहिली नाहीये!"

"म्हणजे काय हो?" मी विचारलं.

"अगं, मुलीच्या दप्तरात पुस्तक ठेवलं म्हणजे तिला गणित येतं का? तसं केलंय मी. फाईल कार्डात ठेवणं वेगळं आणि कार्डावर लिहिणं वेगळं. त्याला दुसरा प्रोग्राम लागतो." त्या इतक्या आनंदात होत्या की त्यांनी पर्स उघडून स्वतःलाच एक गोळी दिली.

कार्ड लिहायला वेळ लागला. तेवढ्यात मी कांदेपोहे केले. बशा रिकाम्या झाल्यावर बाईंनी हात स्वच्छ धुतले, कार्ड खाचेत सरकवलं आणि बटण चालू केलं. लाल दिवा लागला. त्याच्या शेजारी एक हिरवा दिवा लुकलुकला. थांबला. पुन्हा लुकलुकला, भराभर, काहीतरी आठवत असल्यासारखा. आणि आमच्या टीव्हीवर सप्तरंगी चौकोन उमटला.

"आला!" असं ओरडले ते सुधाकर. मॅच कधीच संपून गेली होती आणि त्यांना पत्ताही नव्हता.

चौकोन गेला, पांढऱ्या अक्षरांच्या ओळी झरझर वर सरकल्या आणि मग अख्खा कॉम्प्युटर पडद्यावर हजर झाला. कोपऱ्यात मात्र विजेचं एक पिवळं चिन्ह मधूनमधून चमकत होतं. सुधाकर म्हणाले, "बाई, आत वीज पडतेय." बाईंनी पुस्तिकेत शोधलं. मोबाईलच्या चार्जरचा जोर त्याला पुरत नव्हता. "उपाशी आहे बिचारा," बाई म्हणाल्या आणि त्याच्या मापाचा चार्जर कागदावर लिहून घेतला. तेवढ्यात पडद्यावर प्रश्न आले. देश कोणता, भाषा कोणती, तुमचं नाव काय. नावाच्या जागी बाईंनी 'आक्का' लिहिलं. पासवर्ड मात्र त्यांनी टाईप करता करता मोठ्याने म्हटला, सवयच होती. मग सुधाकरकडे वळून म्हणाल्या, "हे तुम्ही विसरा." सुधाकर गंभीरपणे म्हणाले, "विसरलो."

पुढचे काही आठवडे बाईंच्या घरातून ठोकल्याचे, डकवल्याचे आणि 'वा' म्हटल्याचे आवाज येत राहिले. दारावरच्या बेलचं मोठं पांढरं बटण त्यांनी एका लाकडी फळीवर बसवलं आणि त्याच्या दोन वायरी पिनांना जोडल्या. मग कॉम्प्युटरला सूचना लिहायच्या होत्या. बटण दाबलं तर पुढचा आवाज वाजव, एवढीच सूचना, पण त्याच्या भाषेत. एके सकाळी त्या जिन्यात भेटल्या तर चेहरा उजळलेला. "काल दिवसभर एका रिकाम्या जागेसाठी अडून बसला होता. ओळीच्या सुरुवातीला मी जागा सोडली नाही म्हणून! इतका काटेकोर विद्यार्थी मला सबंध नोकरीत मिळाला नाही."

मग बटण चालू झालं, पण एकदा दाबलं की आवाज दोन-तीन पुढे उडी मारायचा. बाईंनी वाचून काढलं, की बटण दाबताना आतला पत्रा किंचित थरथरतो आणि कॉम्प्युटर इतका चपळ की त्याला प्रत्येक थरथर म्हणजे नवं दाबणं वाटतं. "त्याला सांगितलं, बाबा, जरा दम धर. म्हातारं माणूस आहे. एकदा ऐकलंस की क्षणभर दुसरं काही ऐकू नकोस." हे त्या मला सांगत होत्या तेव्हा त्यांचा स्वतःचा हातही चहाच्या कपावर थोडा थरथरत होता. त्यांना ते ठाऊक होतं.

आता आवाज गोळा करायचे. चर्चमधल्या जुन्या बायकांना एकत्र बसवून गाणी झाली. पिठाच्या गिरणीचा आवाज झाला. आणि एका शुक्रवारी बाई म्हणाल्या, "चल, घोडेगावच्या बाजारात जायचंय."

गुरांच्या त्या बाजारात पांढरे कॅनव्हासचे बूट घालून, हातात मोबाईल पुढे धरून बाई म्हशींच्या रांगेतून चालल्या होत्या. मागे मी, साडी सावरत. एका धष्टपुष्ट म्हशीपुढे त्या थांबल्या. मालक पुढे झाला.

"बघा बाई, दुसऱ्या येताची हाय, दोनदा व्यालेली. घ्यायची का?"

"म्हैस नको. तिचा आवाज हवाय."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

"आवाज? नुस्ता आवाज?"

"माझी बहीण आजारी आहे. तिला ऐकवायचाय. ती लहानपणी या बाजारात यायची."

 तो डोक्यावरची टोपी सारखी करून म्हणाला, "मंग हिचाच घ्या. हिचा आवाज लई भारी हाय. वेशीपस्तोर जातो."

पण म्हैस काही रेकेना. बाई मोबाईल तिच्या तोंडाशी धरून उभ्या, आणि म्हैस शांतपणे रवंथ करतेय. मालकाने पाठीवर थाप मारली. शेजारच्याने स्वतः रेकून दाखवलं. ते ऐकून पलीकडची दुसरीच एक रेकली, पण बाई वळेपर्यंत थांबली. बघता बघता गर्दी जमली. जो तो सल्ला देऊ लागला. "पेंड दाखवा." "पेंड दाखवून न्हाई वरडायची, लपवा." "तिचं पारडू कुठंय? पारडू न्या लांब!" शेवटी कोणीतरी पारडू सोडून चार पावलं नेलं, आणि त्या म्हशीने मान वर करून असा काही आवाज काढला की माझ्या हातातली पिशवीच पडली. गर्दीने टाळ्या वाजवल्या. मोबाईलमध्ये म्हैस, टाळ्या, "घावला, घावला!" आणि बाईंचं खळखळून हसणं, सगळं एकत्र आलं. बाईंनी त्यातलं काही कापलं नाही.

शेवटी बाईंनी स्वतःचा एक आवाज भरला. तो फार मनापासून लिहून काढलेला होता. 'मार्थाआक्का, मी एस्तेर बोलतेय' अशी सुरुवात, मग आक्काने आपल्यासाठी काय काय केलं ते, मग देवाची दया, मग धीर सोडू नकोस. बराच लांबला होता. मला वाचून दाखवला तेव्हा माझे डोळे भरून आले. तो त्यांनी सगळ्यात पहिला ठेवला.

गावी मी त्यांच्याबरोबर गेले होते. लाईट जाते म्हणून एक बॅटरीही घेतली होती. आक्का आतल्या खोलीत, खिडकीजवळच्या खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. बाईंसारखाच उंच बांधा, पण पांघरुणाखाली अंग असं नव्हतंच. रेखाने हाक मारली, "मोठ्या आत्या, बघा कोण आलंय. धाकट्या आत्या आल्यात." आक्काने डोळे उघडले, बहिणीकडे पाहिलं, पुन्हा मिटले.

बाईंनी काही समजावलं नाही. साबणाची डबी खिडकीत ठेवली, स्पीकर जोडला, दिवे लुकलुकून स्थिर होईपर्यंत वाट बघितली. मग बटणाची फळी खाटेवर आक्काच्या डाव्या तळव्याखाली सरकवली आणि तिचा हात त्यावर ठेवला. "आक्का, हे तुझं," एवढंच म्हणाल्या आणि मागे सरकल्या.

काही झालं नाही. हात बटणावर नुसता पडून राहिला.

"मी दाबून दावू का?" रेखा कुजबुजली.

"नको."

"त्यास्नी कळलं नसंल, आत्या."

"कळलंय. कोणी हात लावायचा नाही."

रेखाने चहा आणला. चहावर साय धरली. शेजारपाजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या आणि काही होत नाही म्हणून बसल्या. बाई स्टुलावर ताठ बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली. इतक्या चुका त्यांनी हसत हसत झेलल्या होत्या, पण ही एक चूक त्यांना परवडणारी नव्हती. मग त्यांनी एक लांब श्वास घेतला, खाटेकडे पाठ केली आणि रेखाला विचारलं, "यंदा कांदा किती लावलाय गं?"

रेखा गोंधळली, पण सांगायला लागली. कांद्यावरून पावसावर, पावसावरून कोणाच्या तरी लग्नावर गोष्ट गेली. बायकाही बोलण्यात आल्या. आक्काकडे कोणाचंच लक्ष राहिलं नाही. आणि त्या गलबल्यात खिडकीतून एकदम बाईंचा आवाज आला, "मार्थाआक्का, मी एस्तेर बोलतेय."

बाकी सगळ्या खिडकीकडे वळल्या. बाई वळल्या नाहीत. पाठमोऱ्याच बसून राहिल्या, डोळे घट्ट मिटून. खिडकीतला आवाज पुढे बोलत होता, "तू मला कडेवर घेऊन..." आणि खट्. आवाज तुटला. आक्काने पुन्हा बटण दाबलं होतं.

बायकांचं गाणं सुरू झालं. ते मात्र आक्काने पूर्ण ऐकलं. डाव्या हाताचं एक बोट फळीवर ठेका धरत होतं. मग खट्. गिरणी. खट्. आणि म्हैस.

ती म्हैस त्या छोट्या खोलीत रेकली तेव्हा दारातली एक बाई दचकून मागे सरकली. मग टाळ्या, मग "घावला, घावला!", मग बाईंचं हसणं. आक्काने भिंतीकडची मान इकडे वळवली. तिच्या ओठांची एक बाजू वर गेली. छातीतून घरघरीसारखा काहीतरी आवाज यायला लागला आणि खांदे हलायला लागले. रेखा घाबरून उठली.

"आत्या, त्यास्नी काय व्हतंय बघा!"

"अगं, हसतेय ती," बाई म्हणाल्या.

आक्काने आवाजांची पुन्हा एक फेरी केली. बाईंचं भाषण आलं, "मार्थाआक्का, मी..." खट्. तिसऱ्या फेरीला "मार्था..." एवढंच. खट्. खोलीत हशा उसळला. सगळ्यात जास्त हसत होत्या बाई. स्टुलावरून पडायच्या बाकी होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बघितलंस मंगल? लहानपणापासून अशीच आहे! माझं एक वाक्य पुरं करू देईल तर शपथ! म्हैस चालते, मी चालत नाही!" आणि आक्का बहिणीकडे बघत, मुद्दाम, सावकाश, पुन्हा एकदा बटण दाबत होती.

त्यानंतर बाई सावेडीत फार दिवस राहिल्या नाहीत. मध्ये एकदा लाईट जाऊन बॅटरीही संपली आणि कार्ड बिघडलं. रेखाचा फोन आला, "आत्या, डबी मुकी झाली, आन् मोठ्या आत्या जेवंनात." बाई सकाळच्या पहिल्या एसटीने गेल्या, कार्ड पुन्हा लिहिलं, बंद कसं करायचं ते रेखाला शिकवलं. परत आल्यावर आठवडा गेला. मग म्हणाल्या, "मी तिकडेच जाते. आवाज नवे नवे लागतात तिला. जुन्यांचा कंटाळा करते." फ्लॅट भाड्याने दिला आणि एका टेम्पोत सामान भरून गेल्या. सुधाकर निरोप देताना म्हणाले, "बाई, टीव्ही कधीही लागला तर सांगा." फोनवर बोलणं व्हायचं. आक्का आता खुर्चीत बसते, आक्काने कोंबड्यांचा आवाज नापसंत केला, अशा बातम्या असायच्या. पण भेट झाली नाही.

मागच्या हिवाळ्यात मी एसटीने संभाजीनगरला निघाले होते. शुक्रवार होता हे लक्षात नव्हतं. घोडेगावात बाजाराच्या गर्दीत गाडी अडकली. मी खिडकीतून बघत होते. जनावरं, टेम्पो, धूळ. आणि एका छोट्या टेम्पोच्या मागच्या फळीवर खुर्चीत बसलेली मला आक्का दिसली. अंगावर शाल, डोक्यावर पदर. उन्हाची तिरीप तिच्या चेहऱ्यावर येऊ नये म्हणून बाई शेजारी छत्री धरून उभ्या होत्या. समोर एक फेटेवाला हेडी उभा होता आणि त्याच्यामागे एक म्हैस. त्या बाजारात भाव तोंडाने सांगत नाहीत. दोघं हातात हात घेतात, वर रुमाल टाकतात आणि आत बोटांनी बोलतात. बाहेरच्याला काही कळत नाही. हेड्याने रुमाल काढला, हसत हसत हात पुढे केला. गंमतच करत असावा. आक्काने शालीतून डावा हात बाहेर काढला आणि रुमालाखाली घातला.

हेड्याचं हसू हळूहळू कमी झालं. त्याने मान हलवली. आक्का ढिम्म. रुमाल किंचित हलला. त्याने पुन्हा मान हलवली, या वेळी कमी जोराने. बाई छत्री विसरून खाली वाकून वाकून रुमालाकडे बघत होत्या, पण त्यांनाही आतलं काही दिसत नव्हतं. मी खिडकीतून हात बाहेर काढून "बाई!" अशी हाक मारली. त्या गलक्यात ऐकू जाणं शक्य नव्हतं. बाईंनी आक्काला काहीतरी विचारलं, आणि आक्काने त्यांच्याकडे न बघता कोपराने त्यांना बाजूला सारलं.

कंडक्टरने घंटी मारली आणि गाडी सुटली.